बागेतील पाखरे आणि चर्चची हिशेबवही

प्रभू येशूच्या काळी पाखरांना बाजारात भाव होता. मत्तयच्या शुभवर्तमानात तो एका नाण्याला दोन चिमण्या असा आला आहे, तर लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. म्हणजे दोन नाणी मोजणाऱ्याला पाचवी चिमणी फुकट मिळत असे. या भावावर प्रवचन करण्याची संधी कोणताही धर्मगुरू सहसा सोडत नाही. मीही सोडलेली नाही. परंतु ख्रिस्ती जगाच्या इतिहासात पाखरांचा आणखी एक भाव लिहून ठेवलेला आहे, आणि तो बाजारात नव्हे, तर खुद्द चर्चच्या हिशेबवहीत. त्यावर प्रवचन झाल्याचे मी कधी ऐकले नाही. हा भाव होता एका डोक्याला एक पेनी. देश इंग्लंड, साल १५६६, आणि पाखराचा अपराध असा की ते फळझाडांचा बहर खात असे.

त्या वर्षी राणी पहिली एलिझाबेथ हिच्या संसदेने धान्याच्या रक्षणासाठी म्हणून एक कायदा केला. धर्मग्राम हाच तेव्हा तेथील गावकारभाराचा घटक असल्याने त्याची अंमलबजावणी चर्चच्या कारभाऱ्यांकडे आली. कारभारी आणि गावातील आणखी सहा जण यांनी मिळून जमीनधारकांवर पट्टी बसवायची, आणि मारलेल्या उपद्रवी प्राण्यांची व पाखरांची डोकी कोणी आणून दाखवली की त्याला ठरलेल्या दराने पैसे चुकते करायचे. कोल्ह्याला बारा पेनी. अंगावर काटे वागवणाऱ्या चिमुकल्या हेजहॉगला दोन पेनी, कारण तो रात्री निजलेल्या गाईंचे दूध पितो अशी समजूत होती. घार आणि आपला ओळखीचा खंड्या यांना प्रत्येकी एक पेनी. आणि त्याच यादीत, बुलफिंच किंवा फळझाडांचा बहर खाणारे दुसरे कोणतेही पाखरू, त्याच्या डोक्यालाही एक पेनी. मजुराची दिवसभराची कमाई दहा पेनींच्या आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा भाव किरकोळ नव्हता हे कळेल. मोजून झालेली डोकी कारभाऱ्यांसमक्ष जाळायची वा फोडून टाकायची; तेच डोके दुसऱ्यांदा कोणी दाखवू नये हा त्यातला उघड हेतू.

ते तर अँग्लिकन होते, असे म्हणून आपण कॅथॉलिकांनी येथे हात झटकू नयेत. असाच एक कायदा आठव्या हेन्रीने १५३२ साली केला होता. तो कावळ्यांच्या जातींविरुद्ध होता आणि त्यासाठी गावोगावी जाळे बाळगण्याची सक्ती होती. रोमशी असलेले नाते कायद्याने तोडले गेले ते १५३४ साली. म्हणजे जाळे विणण्याचे काम सुरू झाले तेव्हा त्या चर्चमधून मिस्सा लॅटिनमध्येच होत होती.

बहर खाणाऱ्या पाखराचे नाव कायद्यात यावे असे त्या काळात काय घडत होते? तर त्याच सुमारास इंग्लंडात फळबाग ही मठाच्या भिंतीआडून बाहेर पडून व्यापाराची वस्तू होत होती. १५३३ साली राजाचा फळपुरवठा पाहणारा रिचर्ड हॅरिस याने केंट परगण्यातील टेनहॅम येथे फ्रान्सकडून आणि समुद्रापलीकडील सखल प्रदेशांतून कलमे आणली, आणि चेरी, सफरचंद व नासपती यांची सुमारे शंभर एकरांची बाग लावली. तेथून कलमे इतरत्र गेली. १५७६ साली विल्यम लॅम्बार्ड याने केंटचे वर्णन छापले, तेव्हा टेनहॅम ही त्या परगण्याची मानाची जागा झाली होती. लंडनची बाजारपेठ जवळ, नदीतून मालाची ने-आण सोपी. बागा वाढत गेल्या.

या जुन्या बागांचे रूप डोळ्यांसमोर आणले पाहिजे, नाहीतर पुढचे समजणार नाही. झाडे उंच, शिडी लावूनच फळ उतरवावे लागे. दोन झाडांत भरपूर अंतर, खाली गवत आणि गवतात चरणाऱ्या मेंढ्या. झाड पन्नास-साठ वर्षे आणि अधिकही उभे राही. म्हातारे झाले की त्याच्या फांद्या कुजत, खोडात ढोली पडत. सभोवती वारा अडवणारी आणि गुरांना थोपवणारी काटेरी झुडपांची वई. पाखरांच्या दृष्टीने ही बाग म्हणजे जागोजाग मोकळी जागा सोडलेले एक विरळ रानच होते. ढोलीत सुतार पक्षी, टिट आणि मानमोडी यांची घरटी. गवतात मुंग्या टिपणारा हिरवा सुतार. वईत कस्तूर आणि बुलफिंच. हिवाळ्यात गळून पडलेल्या सफरचंदांवर स्कँडिनेव्हियातून येणारे फील्डफेअर कस्तुरांचे थवे. यातली मानमोडी ही केंटच्या बागांची जुनी रहिवासी. तिच्या जातीची पाखरे हिवाळ्यात आपल्याकडेही उतरतात. इंग्लंडात घरटे करणारी पाखरे म्हणून ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ नाहीशी झाली.

आता मुख्य आरोपीकडे वळू. बुलफिंच हे चिमणीएवढे, आखूड जाड चोचीचे पाखरू. डोक्यावर काळी टोपी, नराची छाती गुलाबी-लाल, उडताना शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा दिसतो. स्वभावाने बुजरे, वईपासून फार दूर जात नाही. हिवाळा सरत आला की ते नासपतीच्या फांदीवर बसते आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत कळीमागून कळी सोलून आतला गाभा खाते. मिनिटाला तीसपर्यंत कळ्या ते संपवू शकते. एखादी जोडी आठवडाभर एका झाडावर राहिली तर एप्रिलमध्ये त्या झाडाच्या शेंड्यावरच काय ती फुले दिसतात. शेतकऱ्याचा राग खोटा नव्हता हे प्रथम मान्य केले पाहिजे. फळावर चोच मारणारे पाखरू एक फळ नासवते. हे पाखरू फळ धरण्याआधीच ते नाहीसे करते.

म्हणून धर्मग्रामांच्या वह्यांत बुलफिंचची नावे वर्षानुवर्षे येत राहिली. सतराव्या आणि अठराव्या शतकांतल्या अशा अनेक वह्या आजही परगण्यांच्या दप्तरखान्यांत जपून ठेवलेल्या आहेत. रॉजर लव्हग्रोव्ह या पक्षी-अभ्यासकाने इंग्लंड आणि वेल्समधील शेकडो धर्मग्रामांची दप्तरे चाळून २००७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. चर्चच्या घंटेचा दोर, वेदीवरील कापडाची धुलाई, गरिबाला दिलेला कोट, आणि त्याखालीच इतक्या पाखरांच्या डोक्यांचे इतके पेन्स, असा तो जमाखर्च. दरवर्षी धर्मग्रामाच्या हिशेबावर सही करणारा माणूस म्हणून मला या वह्यांचा एक धर्म ओळखीचा वाटतो: ज्याची पावती नाही ते वहीत येत नाही. पाखराने खाल्लेल्या कळीची पावती म्हणजे त्याचे डोके, आणि ते टेबलावर ठेवता येते. पाखराने खाल्लेल्या किडीची पावती कोणी आणायची? मरणाऱ्याचा गुन्हा लिहिला गेला, त्याच्या भाऊबंदांनी केलेले काम लिहिलेच गेले नाही. कारभारी दुष्ट नव्हते. त्यांच्या वहीत तो रकाना आखलेलाच नव्हता.

कायद्याने लावलेली ही सवय अठराव्या शतकाच्या अखेरीस मंदावली. पण बागेतील पाखरांवर त्याहून मोठा घाला आला तो पेनी देऊन नव्हे, तर बागच बदलून. १९१३ साली केंटमध्येच ईस्ट मॉलिंग येथे फळसंशोधन केंद्र सुरू झाले. तेथील शास्त्रज्ञांनी, त्यातही रोनाल्ड हॅटन यांनी, सफरचंदाच्या कलमांसाठी वापरल्या जाणाऱ्या खुंटांची नीट वर्गवारी लावली. त्यांतल्या 'एम ९' या खुंटावर बांधलेले कलम माणसाच्या हाताला येईल एवढेच वाढते आणि लवकर फळ देते. आज जगभरच्या सघन सफरचंद-बागा मुख्यतः त्याच्यावर आणि त्याच्या वंशातील खुंटांवर उभ्या आहेत. तारांच्या आधाराने उभ्या केलेल्या रांगा, बुंध्याखाली तणनाशकाने साफ केलेला पट्टा, मधून ट्रॅक्टर जाईल एवढी वाट. शिडी गेली, मेंढ्या गेल्या. पंधरा-वीस वर्षांत झाड काढून नवे लावायचे, त्यामुळे ढोली पडण्याइतके म्हातारपण कोणत्याच झाडाच्या वाट्याला येत नाही. ढोलीत घरटे करणाऱ्या पाखरांना येथे अन्न मिळू शकते, पण घर मिळत नाही. ज्यांना फांदीवर घरटे चालते ती पाखरे राहतात, बाकीची वईतून येतात आणि वईत परत जातात. आणि वईही ट्रॅक्टरला अडते म्हणून अनेक ठिकाणी उपटली गेली.

जोडीला फवारण्या आल्या. आधी शिशाचे व आर्सेनिकचे मिश्रण, मग १९२०च्या दशकापासून हिवाळ्यात झाडांना डांबरी तेलाची धुलाई, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी. डांबरी तेलाने किडींची अंडी मेली, पण त्यांना खाणारे कीटकही मेले, आणि पूर्वी कोणाच्या खिजगणतीत नसलेला लाल कोळी हा सफरचंदाचा मोठा शत्रू होऊन बसला. एक शत्रू मारताना दुसरा जन्माला घालायचा, ही या बागांची जुनी रीत दिसते.

पाखरांच्या बाबतीतही तेच घडले, फक्त अधिक आडवळणाने. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून इंग्लंडात पेरणीचे बी ऑल्ड्रिन, डिल्ड्रिन यांसारख्या विषांत घोळवले जाऊ लागले. ते बी खाणारी पाखरे खाऊन स्पॅरोहॉक हा लहान शिकारी पक्षी, म्हणजे आपल्या शिक्र्याचा नातलग, पूर्वेकडील परगण्यांतून जवळजवळ नाहीसा झाला. डीडीटीमुळे त्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन उबवतानाच फुटत होती, हे डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली दाखवून दिले. नेमक्या याच वर्षांत बागाईतदारांची ओरड वाढली की बुलफिंच पूर्वी कधी नव्हते इतके माजले आहेत, आणि वईपासून दूर, बागेच्या मध्यापर्यंत येऊन कळ्या खात आहेत. पक्षीशास्त्रज्ञ इयन न्यूटन यांनी या दोन गोष्टींचा मेळ घातला: शिकाऱ्याची धास्ती गेली म्हणून बुजरे पाखरू उघड्यावर येण्यास धजावले. १९६२ पासून त्या विषांवर टप्प्याटप्प्याने निर्बंध आले, स्पॅरोहॉक हळूहळू परतला, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापासून बुलफिंचची संख्या घसरू लागली. वया आणि झुडपे कमी होणे हेही त्या घसरणीचे कारण असावे; सारे श्रेय एकट्या शिकाऱ्याला देणे घाईचे होईल.

न्यूटन यांनी १९६०च्या दशकात ऑक्सफर्ड येथे बुलफिंचवर केलेले काम मला विशेष मोलाचे वाटते, कारण त्यांनी पाखराची बाजू घेतली नाही आणि बागाईतदाराचीही नाही. पाखरू कळीकडे का वळते एवढेच विचारले. उत्तर बागेबाहेर सापडले. इंग्लंडच्या रानांत आणि वयांत ॲश नावाचे झाड असते. त्याला पंखासारखी पातळ फळे झुबक्यांनी लटकतात. तिकडचे लोक त्यांना किल्ल्या म्हणतात. बुलफिंचचा हिवाळा प्रामुख्याने या किल्ल्यांवर निघतो. पण ॲश बहुधा एका वर्षाआड भरभरून फळतो. ज्या वर्षी किल्ल्या मुबलक, त्या वर्षी बागांना फारसा उपद्रव नाही. ज्या वर्षी त्या नाहीत, त्या वर्षी पाखरू भर हिवाळ्यातच कळ्यांवर उतरते. कळी ही त्याची आवड नव्हे, अडचण होय. नुसत्या कळ्यांवर ते हिवाळ्याच्या आखूड दिवसांत आपले वजनही राखू शकत नाही.

दुसरे असे आढळले की नासपतीच्या झाडाच्या निम्म्या कळ्या गेल्या तरी पीक घटतेच असे नाही, कारण झाडावर कळ्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. आपल्या वाचकांपैकी नाशिककडे ज्यांचे द्राक्षबागाईतदार सोयरे आहेत त्यांना हे चटकन पटेल; तेही मण्यांची विरळणी करतात आणि त्यासाठी मजुरी मोजतात. अर्थात पाखराला निम्म्यावर थांबण्याचे भान नसते. म्हणूनच न्यूटन यांचा सल्लाही भाबडा नव्हता: ज्या साली ॲश फळला नाही त्या साली शरद ऋतूतच काही पाखरे सापळ्यांत धरून कमी करावीत, म्हणजे असलेले बी उरलेल्यांना अधिक दिवस पुरेल आणि ती कळ्यांकडे उशिरा वळतील. मारण्याचा सल्ला आहे, हे मी झाकून ठेवत नाही. परंतु डोके मोजून पेनी देणे आणि पाखराची भूक मोजून निर्णय घेणे, या दोहोंत चारशे वर्षांचे अंतर आहे.

वहीतला न आखलेला रकाना भरू लागला तो त्यानंतर. सफरचंदाला आतून पोखरणारी अळी कॉडलिंग नावाच्या पतंगाची असते. ती शरदात फळातून बाहेर पडते आणि खोडाच्या सालीखाली कोश करून हिवाळा काढते. ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन केंद्रातील संशोधकांनी १९७६ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. सालीखालच्या या अळ्यांपैकी सुमारे ९५ टक्के पाखरांनी, मुख्यतः निळ्या टिटने, वसंत येण्यापूर्वीच टिपलेल्या होत्या. ज्या महिन्यांत बुलफिंच कळ्या सोलत होता, त्याच महिन्यांत त्याच बागेत हे दुसरे पाखरू साल खरवडत होते. चर्चच्या कारभाऱ्याने दोघांनाही एकाच फांदीवर पाहिले असेल.

इंग्लंडबाहेर, नेदरलँड्समध्ये मोल्स आणि फिसर या संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले. सघन बागेत ढोली नाहीत, तर लाकडी पेट्या टांगून पाहू, असा तो प्रयोग. पेट्यांत मोठ्या टिटने घरटी केली आणि पिलांसाठी अळ्या वेचल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे असे: जेथे टिटला चरू दिले नाही तेथे झाडामागे ४.७ किलो सफरचंदे, जेथे चरू दिले तेथे ७.८ किलो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात चेरीच्या बागांत केस्ट्रेल या लहान ससाण्यासाठी पेट्या लावल्या गेल्या. ससाणा बागेत राहू लागला की फळे खाणारी पाखरे दूर राहतात. २०१८ च्या एका अभ्यासानुसार पेटीवर खर्चलेल्या एका डॉलरमागे ८४ ते ३५७ डॉलरची चेरी वाचते. शिकारी पक्षी मारून इंग्लंडने जे गमावले, ते मिशिगनने एका खोक्याच्या किमतीत परत आणले, असे म्हणावेसे वाटते. मात्र पेटी म्हणजे झाड नव्हे. तिच्यात टिट राहील, ससाणा राहील; मुंग्यांच्या गवताशिवाय मानमोडी राहणार नाही.

आणि पेटी टांगून वर विष फवारायचे, तर पाखराला आपण घराचे आमंत्रण देतो की सापळ्याचे, हा प्रश्न उरतोच. याचा शोध फ्रान्समध्ये आविन्योंच्या आसपास घेतला गेला. चौदाव्या शतकात सात पोप जेथे राहिले तेच हे शहर. त्याच्या दक्षिणेला द्युरांस नदीच्या खोऱ्यात सफरचंद आणि नासपतीच्या सघन बागा आहेत, आणि मिस्त्राल नावाचा बोचरा वारा अडवण्यासाठी त्यांच्या कडेने झाडांच्या उंच रांगा लावलेल्या असतात. तेथील संशोधकांनी सेंद्रिय बागा आणि नेहमीच्या फवारणीच्या बागा यांतील पाखरे मोजली. पाखरांची संख्या आणि जाती दोन्ही सेंद्रिय बागांत सर्वाधिक, नेहमीच्या फवारणीच्या बागांत सर्वांत कमी; आणि सर्वाधिक फटका किडे खाणाऱ्यांना. म्हणजे ज्यांची बागेला गरज तीच आधी गेली. झाडे तीच, अंतरे तीच, खुंटही त्याच घराण्यातले. सघन लागवड पाखराला अडचणीत टाकते, पण हाकलून लावते ती मुख्यतः फवारणी, असा निष्कर्ष मी यातून काढतो.

वसईच्या वाडीत वाढलेल्या वाचकाला यातले काही नवे वाटणार नाही आणि काही फार परके वाटेल. केळफुलाशी लोंबकळणारा शिंजीर, पेरूवरचे पोपट, रात्री चिकूवर येणारी वटवाघळे यांच्याशी आपली जुनी ओळख आहे. पण आपल्या चर्चच्या वह्यांत त्यांचा भाव लिहिलेला मला कुठे आढळला नाही. हे आपल्या पूर्वजांचे मोठेपण, की त्यांना तसा कायदा कोणी दिला नाही म्हणून, हे ठरवण्याच्या भरीस मी पडत नाही.

केंटमध्ये उंच झाडांच्या जुन्या बागा आता थोड्याच उरल्या आहेत. काही गावांनी मिळून त्या राखल्या आहेत, काहींत पुन्हा मेंढ्या सोडल्या आहेत, आणि हिवाळ्यात तेथे फील्डफेअर उतरतात. बुलफिंचही आहेत, तुरळक, वईच्या आडोशाने. मात्र २०१२ साली ब्रिटनमध्ये ॲशच्या झाडांवर एका बुरशीचा रोग प्रथम नोंदला गेला. ती बुरशी मूळची पूर्व आशियातली. त्यानंतर देशभर ही झाडे शेंड्याकडून वाळत चालली आहेत आणि केंटमधील लागण जबरदस्त आहे. वाळलेल्या झाडाला किल्ल्या लागत नाहीत. रस्त्याकडेचे मृत ॲश वाहनांवर पडू नयेत म्हणून तोडले जात आहेत, आणि त्यांच्यामागे, तारांना बांधलेल्या ठेंगण्या रांगांत, नासपतीच्या कळ्या दर हिवाळ्यात भरत आहेत.